झाबुआचा काळा कोंबडा आणि मामांची ५० पिल्लं

तुमच्या घरातही असे एक मामा किंवा काका असतीलच, ज्यांना निवृत्तीनंतर काहीतरी जोडधंदा करायचा असतो. माझे मामा धुळे जिल्ह्यातले. गेल्या वर्षी त्यांनी एका व्यापाऱ्याकडून कडकनाथची ५० पिल्लं आणली, गावठी पिल्लांच्या कितीतरी पट पैसे मोजून. पिल्लं काळीशार होती. मोठी झाली तीही काळ्या पिसांचीच. पण सहा महिन्यांनी भलतीच गोष्ट लक्षात आली. माद्यांचं सगळंच काळं होतं: चोच, तुरा, पाय, जीभसुद्धा. नरांची मात्र नुसती पिसं काळी. पाय फिकट आणि तुरा लालचुटूक!

गिऱ्हाईक यायचं, कोंबडा उचलून त्याचे पाय बघायचं आणि "नंतर सांगतो" म्हणून निघून जायचं. मामी म्हणाल्या, "अर्धीच फसवणूक झाली म्हणायची. माद्या खऱ्या, नर खोटे."

त्यांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फसवणूक झाली असेल तर ती सगळ्या पिल्लांत दिसायला हवी. फक्त नरच खोटे कसे निघाले?

मी इंदूरला राहते. कडकनाथचं मूळ गाव म्हणावं असं झाबुआ इथून साधारण १५० किलोमीटरवर आहे. तरी मी तिथे कधी गेले नव्हते, जवळच्या जागांचं असंच होतं. शेवटी सुट्टी काढली आणि सकाळची बस धरली. तुम्ही मुंबई किंवा वडोदऱ्याहून येणार असाल, तर दिल्लीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं मेघनगर स्टेशन झाबुआला सगळ्यात जवळ.

धार मागे पडलं की माळव्याची काळी सपाट जमीन हळूहळू संपते. माछलिया घाटानंतर सगळा उंचसखल, दगडाळ मुलूख. इथे आपल्यासारखी दाट वस्तीची गावं कमी दिसतात. भिल्लांची घरं आपापल्या शेतात, टेकडीवर सुटी सुटी उभी असतात. अशा काही घरांचा मिळून एक फळिया होतो. मध्येच ताडाची उंच झाडं. दुपारी एका ढाब्यावर दाल-पानिया खाल्ले. मक्याचं पीठ पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात. वरून तूप सोडलं की दुसरं काही मागावंसं वाटत नाही. झाबुआला गेलात तर हे चुकवू नका.

ओळखीतून एका फळियातल्या बाईंचं घर कळलं होतं. मी त्यांना दीदी म्हणत होते, त्या मला "बेटा". अंगणाच्या एका बाजूला जाळी आणि बांबू लावून तीन वेगळे कप्पे केलेले. मला वाटलं, वयाप्रमाणे असतील. दीदी हसल्या. कप्पे रंगाचे होते.

कडकनाथ म्हणजे एकजात काळा कोंबडा असं तुम्हाला वाटत असेल, तर माझंही तसंच होतं. प्रत्यक्षात याचे तीन प्रकार मानतात. जेट ब्लॅक हा नखशिखांत काळा, उन्हात पिसांवर हिरवट-निळी झाक मारते. पेन्सिल्डच्या मानेवर पांढरट पिसं असतात. आणि गोल्डनच्या डोक्या-मानेवर सोनेरी पिसं. तिसऱ्या कप्प्यातला तो सोनेरी मानेचा कोंबडा इतक्या रुबाबात फिरत होता की मी त्याचे आठ-दहा फोटो काढले. त्याने एकाही फोटोत मान स्थिर ठेवली नाही.

मी मामांच्या कोंबड्यांचे फोटो दीदींना दाखवले. पिसांकडे त्यांनी पाहिलंही नाही. फोटो मोठा करून थेट पायांवर गेल्या. "पंख तो कपड़ा है बेटा. चमड़ी देखो, जीभ देखो." मग विचारलं, "माँ किसने देखी थी?"

म्हणजे पिल्लांची आई. ती कुणीच पाहिली नव्हती. व्यापाऱ्याने मामांना एक देखणा कोंबडा तेवढा दाखवला होता.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मीही इंग्रजी घेऊन बीए केलेली मुलगी आहे, जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीत संपला. पण त्या रात्री झाबुआच्या लॉजवर बसून मी हे वाचून काढलं आणि कोडं सुटलं.

कडकनाथचं मांस, कातडी, हाडांवरचं आवरणही काळं असतं, म्हणून तिकडे त्याला 'काली मासी' म्हणतात. (मासी म्हणजे इथे मावशी नव्हे, मांस!) हा काळेपणा एका जनुकातल्या बदलामुळे येतो. शास्त्रज्ञ त्याला 'एफएम' म्हणतात, रेडिओशी संबंध नाही. गुणसूत्राचा एक तुकडा फार पूर्वी कधीतरी दुप्पट झाला आणि रंग तयार करणाऱ्या पेशी अंगभर पसरल्या. चीनच्या सिल्की कोंबडीत आणि इंडोनेशियाच्या आयाम सेमानीतही हाच बदल सापडतो. सिल्कीची पिसं तर बऱ्याचदा पांढरीशुभ्र असतात आणि खाली कातडी काळी! पिसांचा रंग आणि कातडीचा रंग यांचे हिशेब वेगळे असतात, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही. दीदींनी तेच एका वाक्यात सांगितलं होतं.

मग नरच फिकट का? कारण बहुतेक साध्या कोंबड्यांत या काळेपणाला कातडीत पसरू न देणारं दुसरं एक जनुक असतं. त्याला आपण 'पहारेकरी' म्हणू. तो 'झेड' नावाच्या गुणसूत्रावर बसतो. कोंबड्याकडे झेड दोन असतात, कोंबडीकडे एकच. आई आपला झेड फक्त मुलांना देते. मुलींना तो मिळतो बापाकडून.

आता मामांच्या पिल्लांकडे पाहा. बाप खरा कडकनाथ, त्याच्याकडे पहारेकरी नाही. आई फिकट पायांची साधी कोंबडी, तिच्या झेडवर पहारेकरी हजर. तिने तो सगळ्या मुलांना दिला, म्हणून नर फिकट झाले. मुलींना बापाचा मोकळा झेड मिळाला, म्हणून माद्या काळ्या. पिसांचा काळा रंग सहसा वरचढ ठरतो, त्यामुळे वरून सगळी भावंडं सारखीच. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांनी सिल्की आणि लेगहॉर्न यांच्या संकरातून नेमकं हेच दाखवलं होतं, १९११ साली! शाळेत जनुकांचा चौकोन काढला असेल ना, तो याच पनेट यांच्या नावाचा.

मामींचं वाक्य म्हणजे जवळजवळ बरोबर होतं. फक्त माद्याही अर्ध्याच खऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दीदींकडे गेले. आता त्या तीन कप्प्यांचा अर्थ लागत होता. कोंबड्यांमधला सोनेरी आणि चंदेरी रंगाचा खेळही याच झेडवर चालतो. चंदेरी वरचढ, सोनेरी दबतो. चंदेरी दिसणाऱ्या नराच्या दुसऱ्या झेडवर सोनेरी लपून बसलेला असू शकतो. मादीकडे एकच झेड, तिला लपवायला जागा नाही. म्हणून सोनेरी मानेची पिल्लं हवी असतील तर आईबाप दोघं सोनेरी कप्प्यातलेच घ्यायचे. दीदींना झेड-बिड माहीत नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, की नर दिखावा करतो, त्याची खरी परीक्षा पिल्लं झाल्यावर होते. चुकीच्या रंगाची पिल्लं दिली की तो नर कप्प्यातून बाहेर.

हे सगळं सांभाळणं सोपं नाही. ब्रॉयलर दीड महिन्यात विकायला तयार होतो, कडकनाथला पाच-सहा महिने लागतात. अंडीही कमी. त्यात २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला जीआय मानांकन मिळालं, २०२२ मध्ये धोनीच्या रांचीच्या फार्मवर इथूनच २,००० पिल्लं गेली, आणि मागणी अशी वाढली की नुसती काळी पिसं पाहून पैसे देणारे माझ्या मामांसारखे खूप झाले. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातून किंवा आईबाप दाखवणाऱ्या पाळणाऱ्याकडूनच पिल्लं घ्या, नोंदणी करून थांबावं लागलं तरी चालेल.

मी मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, नर गावठीच्या भावात विकून टाका. माद्या ठेवा. त्यांना अस्सल कडकनाथ नर मिळाला तर पुढची सगळी पिल्लं काळी दिसतील, नरसुद्धा. पण ती अस्सल म्हणून विकू नका. त्यातल्या काहींत साध्या आजीचा वारसा लपलेला असेल. पुढे अशी दोन एकत्र आली, तर चारातलं एखादं पिल्लू पुन्हा फिकट निघेल."

पलीकडे बराच वेळ शांतता. मामा हिशेब करत असावेत.

दीदींकडे विकायला नर नव्हता. होळीच्या आधी, भगोरियाच्या दिवसांत या, म्हणाल्या, आणि एका वहीत मामांचं नाव माझ्याकडूनच लिहून घेतलं. जेट ब्लॅकच्या कप्प्यातला एक तरणा नर बोटाने दाखवला. मी फोटो पाठवला. लगेच मामांचा फोन.

"पिसं राहू दे. जीभ बघितलीस का?"

मी पुन्हा कप्प्याकडे वळले.