शिवणीतली माया

आपल्या समाजात मुलांनी घर सोडण्याच्या काही वाटा पूर्वापार ठरलेल्या आहेत. कुणाचा मुलगा सेमिनरीत जातो, कुणाची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये किंवा परिचारिकेच्या शिक्षणाला जाते. कुणी नोकरीसाठी मुंबई गाठतो, कुणी जहाजावर चढतो, कुणी आखातात जातो. या वाटांवर मुलांना निरोप दिलेले आईबाप धर्मग्रामात असतात आणि नवख्या आईबापांना धीराचे चार शब्द त्यांच्याकडून ऐकायला मिळतात. सैनिकी शिक्षणाच्या वाटेवर मात्र आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या विखुरलेल्या ख्रिस्ती घरांत विचारावे असे आम्हांला कोणी भेटले नाही. मुलगा गेला, अडीच महिन्यांनी आम्ही त्याला भेटून आलो, आणि त्या भेटीने आम्हांला जे शिकविले ते पुढे जाणाऱ्या कुणा आईबापांच्या उपयोगी पडावे, एवढ्याचसाठी हे लिहिणे.

आमचा धाकटा मुलगा पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत गेल्या पावसाळ्याच्या आरंभी दाखल झाला. भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी येथे एकत्र शिकतात. पंडित नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी या संस्थेची कोनशिला बसविली आणि जानेवारी १९५५ मध्ये ती खडकवासल्यास रीतसर सुरू झाली. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयातली मुले येथे येतात. आधी लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, मग निवड मंडळासमोरची पाच दिवसांची कसोटी, मग वैद्यकीय तपासणी. त्यातून पार पडल्यावर तीन वर्षांची सहा सत्रे. शेवटी हाती पदवी येते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची. पण अधिकारी होण्यासाठी त्यानंतरही आपापल्या दलाच्या प्रबोधिनीत पुढचे शिक्षण घ्यावे लागते. महाराष्ट्रातील मुलांची या परीक्षेसाठी तयारी करून घेणारी संस्था राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काढली. आपल्या धर्मग्रामांतील होतकरू मुलांच्या पालकांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी.

प्रवेशाच्या वेळी पालकांना एका बंधपत्रावर सही करावी लागते. मुलाने आपल्या मर्जीने शिक्षण अर्धवट सोडले, तर तोवर झालेला खर्च सरकारला परत करण्याची ती हमी असते. माझ्या यजमानांनी तो कागद दोनदा वाचला आणि चष्मा पुसून सही केली. या मुलासाठी इतक्या गंभीरपणे त्यांनी सही केली होती ती त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी. मला वाटले, देणे झाले ते झाले. आता परत मागायचे नाही. देणे एका सहीने पुरे होत नाही, हे मला अजून कळायचे होते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी भेटीची परवानगी मिळाली. शहापूरहून आम्ही आदल्या दिवशीच मुरबाडला माझ्या दिराकडे मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याच गाडीने माळशेज घाट चढलो. भात पोटरीला आले होते. उजव्या हाताला सह्याद्रीच्या रांगेवर ढग उतरलेले होते. याच रांगेच्या आश्रयाने मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या तारखेला माणसे गडावर जमतात. लहानपणी मुलाला तेथे नेले होते, हे यजमानांना आठवले. पुढे ते काही बोलले नाहीत. घाटमाथा ओलांडून ओतूर, आळेफाटा, नारायणगाव करीत आम्ही पुणे गाठले, तेव्हा माझ्या मांडीवरचे गाठोडे मी एकदाही खाली ठेवले नव्हते. त्यात नाचणीचे लाडू होते, सुकटीची चटणी होती आणि त्याच्यासाठी शिवून घेतलेले दोन सदरे होते.

खडकवासल्याला तलावाच्या पलीकडे सिंहगड दिसतो. प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या मोहिमेत भारतीय जवानांनी जे रक्त सांडले, त्याच्या कृतज्ञतेपोटी सुदानने दिलेल्या देणगीतून तो भव्य घुमट उभा राहिला. ही हकीगत आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी सांगितली. तेही नातवाला भेटायला आले होते. त्या घुमटाकडे पाहताना माझ्या मनात आले की, ज्यांच्या नावाने ही देणगी आली त्या जवानांच्या आयांना ही इमारत कधी पाहायला मिळाली नसेल.

मुलगा समोर आला तेव्हा मी त्याला क्षणभर ओळखले नाही. डोक्यावरचे केस जवळजवळ नव्हते. चेहरा रापला होता, गाल बसले होते, खांदे मात्र रुंदावले होते. कोपरांवर खरचटल्याच्या खपल्या होत्या. “परेडवर पडलो होतो” एवढेच त्याने सांगितले आणि विषय बदलला. वडिलांनी “जेवण नीट असते ना?” असे विचारले, तर सवयीने तोंडातून निघून गेले, “येस सर!” आम्ही तिघेही हसलो. हसू ओसरल्यावर मात्र आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प होतो.

पहिल्या सत्रातल्या मुलांची कवायतीची परीक्षा असते. तीत उतरल्याशिवाय त्यांना फाटकाबाहेर सुटी मिळत नाही. त्याची ती परीक्षा अजून व्हायची होती, त्यामुळे पुण्यात कुठे जेवायला नेणे शक्यच नव्हते. पहाटे उठल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंतचा वेळ कुणीतरी दुसऱ्याने आखून दिलेला. बोलता बोलता पलीकडून वरच्या सत्रातला एक मुलगा गेला, तसा हा ताडकन उठून सरळ उभा राहिला. तो दिसेनासा होईपर्यंत त्याने आमच्याकडे पाहिले नाही. पंधरा वर्षे ज्याला सकाळी शाळेसाठी तीन हाका माराव्या लागल्या, तो आता कुणाच्या चाहुलीने उभा राहत होता. हे पाहून बापाला अभिमान वाटला असावा. मला काय वाटले, ते नेमके सांगता येत नाही.

गाठोड्याची गोष्ट त्याहून अवघड झाली. लाडू त्याने घेतले, कारण खोलीतल्या मित्रांत ते वाटता आले असते. सदरे मात्र हलकेच परत दिले. “आई, इथे मोज्यापासून टोपीपर्यंत सगळे मिळते. घरचे घालायला वेळच नसतो.” एक सदरा मी त्याच्या पाठीला लावून पाहिला. तो खांद्यात दोन बोटे कमी पडत होता. मी माप घेतले होते ते जूनमधल्या मुलाचे.

परतीच्या वाटेवर मला शमुवेलची आई हन्ना आठवत राहिली. तिने नवसाने मिळालेला मुलगा शिलो येथील मंदिरात एली याजकाच्या हवाली केला, ही कथा आपण पुष्कळदा ऐकतो. त्या कथेतली एक बारीकशी नोंद मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. हन्ना दर वर्षी मुलासाठी एक लहानसा झगा शिवून वार्षिक यज्ञाच्या वेळी घेऊन जात असे. पवित्र शास्त्रात तिची स्तुतिगीताची ओळ आहे, तशी ही झग्याची ओळही आहे. ज्या मुलाला वर्षभर पाहिले नाही, त्याच्यासाठी तिने माप कसे घेतले असेल? गेल्या वर्षीचे माप धरले, तर झगा अपुरा पडणार. शेजारच्या मुलावर बेतला, तर तो शेजारच्या मुलाचा होणार. वाढलेला मुलगा डोळ्यांपुढे आणून, अंदाजाने, थोडा सैलच तिला कापड कापावे लागले असेल. मंदिरात नेऊन सोडल्याने तिचे देणे संपले नव्हते. दर वर्षी झगा घेऊन जाताना आणि रिकाम्या हाताने घरी परतताना ती तोच मुलगा देवाला पुन्हा नव्याने देत होती.

रोजरीच्या आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण येरुशलेमच्या मंदिरात सापडलेल्या बाळ येशूचे मनन करतो. मारिया आणि योसेफ तीन दिवस शोधत गेले, ते मुलाला घरी आणण्यासाठी. मुलगा त्यांच्याबरोबर घरी आला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. पण तो कुणाच्या कामासाठी आहे हे त्या दिवशी त्यांच्या कानांवर पडले. त्यांना ते समजले नाही, असे शुभवर्तमान स्पष्ट सांगते. आईबापांना न समजण्याची ही सवलत शास्त्रानेच दिली आहे, याचा मला त्या रात्री मोठा आधार वाटला.

एक शंका आपल्या पुष्कळ बांधवांच्या मनात असते, ती टाळून चालणार नाही. शांतीच्या राजपुत्राला मानणाऱ्या घरातल्या मुलाने शस्त्र हाती घ्यावे का? मीही या प्रश्नाशी झगडले. योहान बाप्तिस्ताकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना चाकरी सोडायला सांगितले नाही. कुणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारावर समाधान माना, असे सांगितले. कफर्णहूमचा शताधिपती हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा माणूस होता. त्याच्या विश्वासाने प्रभू थक्क झाला. मिस्सामध्ये कम्युनियन घेण्यापूर्वी आपण आपल्या अपात्रतेची जी कबुली देतो, ती या सैनिकाच्या तोंडची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सर्वनाशी युद्धाचा कठोर निषेध केला, आणि त्याच दस्तऐवजात असेही म्हटले की, देशसेवेत असलेल्या सैनिकाने स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानावे. असे कर्तव्य नीट पार पाडणारा शांतीलाच हातभार लावतो. १९७१ च्या युद्धात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाच्या दिवशी, ३ डिसेंबरला, गंगासागर येथे धारातीर्थी पडलेले परमवीर चक्राचे मानकरी लान्सनायक अल्बर्ट एक्का हे आजच्या झारखंडमधल्या आदिवासी ख्रिस्ती घरातले होते. या उदाहरणांनी भीती जात नाही. पण ती घेऊन प्रार्थनेला बसता येते.

भीतीही खरी आहे. रणांगण पुढे राहिले, प्रशिक्षणातच काही मुले जायबंदी होतात आणि कमिशन मिळण्याआधीच त्यांना घरी परतावे लागते. अधिकारी झालेले नसल्याने माजी सैनिकांच्या सवलतींपासून ती वंचित राहिली. अशा छात्रांचा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला. त्या रविवारी भेटायला आलेल्या पालकांत बोलणे शेवटी या विषयाकडे वळलेच. विदर्भातला एक शेतकरी होता, केरळातली एक शिक्षिका होती आणि मुलीला भेटायला आलेले एक जोडपेही होते. मुलींना ही परीक्षा खुली झाली ती २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पहिली तुकडी २०२२ साली आली आणि तिच्यातल्या सतरा मुलींनी ३० मे २०२५ रोजी दीक्षान्त संचलन केले. त्या मुलीची आई मला म्हणाली, “ताई, मी तिला घरी येतेस का असे विचारणार होते. ती समोर आली आणि विचारवले नाही.” मीही तोच प्रश्न पदराला बांधून नेला होता. मीही तो विचारला नाही. त्याने दुःख लपविले असते, तर त्या प्रश्नाने त्याला खोटे बोलावे लागले असते; आणि तो खरोखर सुखात असता, तर त्याच्या सुखात मी माझे दुःख मिसळले असते.

मग विचारायचे काय? आम्ही त्याच्या मित्रांची नावे विचारली, त्यांची गावे विचारली. घरच्या गाईची, भाताची, धर्मग्रामातल्या सणाची बातमी दिली. वेळ संपल्याची सूचना झाली, तेव्हा एवढ्या लोकांत त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करावी की नाही, या विचाराने माझा हात अडखळला. त्यानेच टोपी काढली आणि मान खाली केली. आता मला टाचा उंचवाव्या लागल्या.

पुढे जाणाऱ्या आईबापांना माझे सांगणे एवढेच आहे. भेटीला जाल तेव्हा मुलाला परत आणायला जाऊ नका, आणि तो कसा घडतो आहे याची तपासणी करायलाही जाऊ नका. तो आता दुसऱ्या कुणाच्या हाताखाली आहे. तेथे तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्याने थोडे न्यावे, थोडे बोलावे, आशीर्वाद द्यावा आणि वेळेवर निघावे. बंधपत्रावरची सही एकदाच होते. देणे मात्र प्रत्येक भेटीत पुन्हा करावे लागते, आणि दर वेळी ते तितकेच जड असते.

सत्र संपले की डिसेंबरात तो घरी येईल, म्हणजे नाताळ आमच्याबरोबर होईल. परवा शहापूरच्या बाजारात आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे सणाच्या सदऱ्याचे कापड दिले. त्याने माप विचारले. मी म्हटले, “खांद्यात दोन बोटे वाढवा, आणि आत भरपूर माया ठेवा.” शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या भाषेत हाच शब्द आहे. बाहेरून ते दिसत नाही. अंग वाढले की उसवून तेवढे सैल करता येते. शिंप्याने मान हलविली आणि वहीत नोंद करून घेतली.