दोन क्रमांक

पुण्यास मुलाकडे आमचे जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा राज्याची सीमा ओलांडणे ही खर्चाची बाब होती. सेंधव्यापुढे बिजासनचा घाट उतरून बस धुळ्याच्या वाटेला लागली, की दूरसंचाराचे मध्य प्रदेश सर्कल संपे आणि महाराष्ट्र-गोव्याचे सुरू होई. मग आलेला फोन नुसता घेतला तरी आमच्याच खात्यातून पैसे वजा होत. म्हणून आम्ही पुण्याचे एक निराळे कार्ड घेतले. शिरपूरच्या थांब्यावर फोनची पाठ काढायची, बॅटरी उपसायची, नखाने एक कार्ड सरकवून दुसरे बसवायचे, असा तो विधी असे. उतरवलेले कार्ड सौ.च्या कुंकवाच्या करंड्यात जाई. एकदा ते लालभडक होऊन निघाले, पण चालले.

2012 साली दोन कार्डांचा, बटणांचा फोन घेतला आणि हा विधी संपला. डोक्यावर टॉर्च, पोटात रेडिओ, आणि एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस निश्चिंती. फोन लावताना यंत्र विचारी, कोणत्या कार्डावरून? आम्ही एका कार्डास ‘इंदूर’ व दुसऱ्यास ‘पुणे’ अशी नावे दिली. चार पिढ्या माळव्यात काढलेल्या आम्हां मंडळींना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाचे इतके सुटसुटीत उत्तर पूर्वी कधी देता आले नव्हते.

पुढे 15 जून 2015 पासून भारत संचार निगमने रोमिंगमधील येणारे कॉल मोफत केले. यथावकाश इतर कंपन्यांनीही तो आकार सोडला. दुसऱ्या कार्डाचे मूळ प्रयोजन सरले, तरी आम्ही दोन्ही ठेवली. दोन्ही गावी आपण एकाच वेळी हजर आहोत, असा एक सुखद समज झाला होता.

2019 च्या जानेवारीत आम्ही पुण्यात होतो. एका संध्याकाळी पुण्याच्या कार्डावर व्याह्यांशी चांगली चाळीस मिनिटे, मुख्यतः तांदळाच्या भावावर, बोलत बसलो. तिसऱ्या दिवशी इंदुराहून आमचे रामबागेतले स्नेही गेल्याची वार्ता आली. नोकरीतली तीस वर्षे आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना काढली होती. तेराव्याला वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्या संध्याकाळी यांनी तुम्हांला दोनदा फोन लावला. बंद आहे, असं ती बाई सांगत होती.”

“आमचा फोन कधीच बंद नसतो,” असे आम्ही म्हणालो. म्हणताक्षणी ते एखाद्या कार्यालयीन उत्तरासारखे वाटले.

राजवाड्याजवळच्या दुकानदाराने उलगडा केला. असल्या फोनमध्ये कार्डे दोन असली तरी रेडिओयंत्रणा एकच. दोन्ही कार्डे वाट पाहत थांबू शकतात. पण एकावर बोलणे सुरू झाले की दुसऱ्याचा कान मिटतो, आणि कोणी फोन केला होता याची खूणही पडद्यावर उरत नाही. इंदूरच्या क्रमांकावर संपर्क होत नसेल तर कॉल पुण्याच्या क्रमांकाकडे वळावा, आणि तिथे बोलणे चालू असल्यास दुसरा कॉल आल्याची टकटक ऐकू यावी, अशी सोय त्याने पाच मिनिटांत करून दिली. सात वर्षे ती सोय हाताशी होती. आम्ही विचारले नव्हते.

आता मुलगा म्हणतो, दोन्ही कार्डांत पैसे भरण्यापेक्षा एक बंद करा. डिसेंबर 2024 मध्ये नियामक प्राधिकरणाने, इंटरनेटविना केवळ बोलणे व संदेश यांसाठी निराळे पॅक ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, ते आमच्यासारख्यांच्या पथ्यावर पडणारे आहे. शिवाय निवृत्तिवेतनाचे संदेश इंदूरच्याच क्रमांकावर येतात. मुलास आम्ही ही कारणे सांगतो.

त्या कार्डात स्नेह्यांचा क्रमांक आम्ही ‘रामबाग’ या नावाने नोंदवला होता. आता त्यावरून कधीमधी वहिनींचा फोन येतो. पडद्यावर ‘रामबाग’ उमटते, आणि पुण्याच्या कार्डावर कोणीही असो, आम्ही त्यांस जरा थांबावयास सांगतो.