बाळंतिणीनं किती सोसायचं?

"बाळंतिणीनं थोडं सोसायलाच हवं," हे वाक्य कधीच ऐकलं नाही, असं मराठी घर विरळाच. मग ते पुण्यात असो की थेट बनारसमध्ये.

बनारसच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट भागात पेशवाईपासून मराठी कुटुंबं नांदत आली आहेत. माझी धाकटी बहीण तिथल्याच एका घरात दिली आहे. तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून रजा काढून मी गेले. सिझेरियन झालं, मुलगी झाली. पाचव्या दिवशी मायलेकी घरी आल्या. सासूबाईंनी डिंकाचे लाडू वळले होते, शेजारणीनं सुंठीचा सोंठौरा आणून दिला. कौतुकात कुठंच कमी नव्हतं.

दवाखान्यातून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र बहिणीनं बाजूला ठेवून दिल्या. "ताई, मी गोळी घेतली की ती दुधातून बाळाच्या पोटात जाणार. त्यापेक्षा मी सोसते." आजेसासूबाईंनीही मान डोलावली, "आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या!"

टाके ओढले जात, त्यामुळे तिला धड बसता येईना. बाळाला पदराखाली घेतलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोन मिनिटांत ती बाळाला दूर करायची आणि बाळ भुकेनं रडत राहायचं. दोन दिवसांतच घरात डब्याच्या दुधाचा विषय निघाला. ज्या दुधाच्या काळजीपोटी गोळी टाळली, तेच दूध तुटायची वेळ आली!

दुसरीकडे शेजारीण स्वतःच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या प्रेमानं घेऊन आली. दीर म्हणाला, "सप्तसागर मंडी जवळच आहे, औषधांचा ठोक बाजार. म्हणाल ती गोळी आणतो." एका बाजूला कुठलीच गोळी नको, दुसऱ्या बाजूला कुठलीही चालेल! शेवटी मी दोन्ही पाकिटं घेऊन बाळाच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

पाकिटावरचं बारीक अक्षर

त्यांनी आधी पाकिटं उलटी करून औषधाचं मूळ नाव वाचलं. दवाखान्यानं दिलेली गोळी पॅरासिटामॉलची होती. ती लहान बाळांना तापात थेटही दिली जाते. आईच्या दुधातून जाणारं प्रमाण त्या मात्रेहून कितीतरी कमी असतं. आयबुप्रोफेनही दुधात अगदी नगण्य उतरतं. या दोन गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईसाठी जगभर पहिली पसंती मानल्या जातात. मात्र अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपणात वाढलेला रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. गोळीसाठी बाळाला ताटकळत ठेवायचीही गरज नसते.

शेजारणीची गोळी निघाली ट्रॅमाडॉलची. ती आणि कोडीन शरीरात गेल्यावर त्यांचं अधिक तीव्र द्रव्यात रूपांतर होतं. काही बायकांच्या शरीरात हे फार झपाट्यानं होतं, आणि दुधातून ते मिळालेलं बाळ सुस्तावतं, त्याचा श्वास मंदावू शकतो. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं स्तनपान देणाऱ्या मातांना या दोन्ही औषधांबद्दल सावध केलं.

डिस्प्रिनसारखी अ‍ॅस्पिरिनची गोळी डोकं दुखलं म्हणून घेऊ नये. अ‍ॅस्पिरिनचा संबंध मुलांच्या यकृताला व मेंदूला इजा करणाऱ्या 'रे सिंड्रोम'शी जोडला जातो. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी डॉक्टरांनीच ती छोट्या मात्रेत दिली असेल, तर गोष्ट वेगळी. ती मनानं बंदही करू नये. निमेसुलाइड 12 वर्षांखालच्या मुलांना देण्यास आपल्याकडे 2011 पासून बंदी आहे. तेव्हा पाजत्या आईनंही ते टाळलेलंच बरं.

आणखी एक मेख आहे. सर्दी-अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. कॉम्बिफ्लॅममध्ये ते आयबुप्रोफेनसोबत असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या, तर एकच औषध दुप्पट पोटात जायचं.

हे सगळं मी घरी येऊन समजावलं. त्या संध्याकाळी बहिणीनं पहिली गोळी घेतली. तासाभरानं उशीला टेकून ती बसली आणि बाळ पोटभर प्यायलं. आजेसासूबाई म्हणाल्या, "माझी सगळी बाळंतपणं घरीच झाली गं, पोटावर टाके कुठं पडले होते!"

गोळीनं दुखणं थांबतं, त्याचं कारण जात नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ताप आला, टाक्यांतून पू आला, स्तन लाल-कडक झाला किंवा डोकं असह्य ठणकू लागलं, तर लगेच डॉक्टरांकडे जावं. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागलं किंवा दूध ओढेनासं झालं, तरीही थांबू नये. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर प्रत्येक गोळी आधी विचारूनच घ्यावी.

बाळंतिणीच्या खोलीत लाडवांच्या डब्याशेजारी डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या. "सोस" म्हणण्याआधी तिला "कुठं दुखतंय?" एवढं विचारा. आईला नीट बसता आलं, तरच बाळाचं पोट भरेल.