नाझरेथजवळचे काउंटीचे घर

न्यूयॉर्क सोडून मोटार पश्चिमेकडे निघाली की साधारण दीड-दोन तासांत न्यू जर्सी मागे पडते आणि डेलावेअर नदीचा पूल ओलांडून आपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन या शहरात येतो. नॉर्थॅम्प्टन काउंटीचे हे मुख्य ठिकाण. येथेच लीहाय नदी डेलावेअरला मिळते. पुढचा रस्ता मक्याची शेते आणि सिमेंटचे कारखाने यांच्यामधून जातो आणि उत्तरेला ब्लू माउंटनची निळसर रांग सोबत करते. अठराव्या शतकात मोरेव्हियन पंथाच्या लोकांनी वसवलेले नाझरेथ हे या वाटेवरचे लहानसे, नेटके गाव. मार्टिन गिटारीचे माहेर म्हणून ते जगाला ठाऊक आहे आणि बहुतेक प्रवासी गिटारीचा कारखाना पाहून परततात.

वाचकहो, आपण मात्र गावाबाहेरील ग्रेसडेलकडे वळू. सुमारे ७०० खाटांचे हे शुश्रूषागृह काउंटी सरकार स्वतः चालवते. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. तेथे त्याचा अर्थ निराळा. ज्यांना अंथरुणातून उठवावे, भरवावे, स्नान घालावे लागते, ज्यांची स्मृती हरपली आहे, अशा वृद्धांचे ते बहुधा अखेरचे घर असते. या संस्थेची मुळे एकोणिसाव्या शतकातील काउंटीच्या दरिद्राश्रमात आहेत. ज्याला कोणी नाही त्याची सोय गावाने करावी, एवढा साधा विचार त्यामागे होता.

त्या विचाराचे पैसे आज कोण देते, हे समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील ज्येष्ठांची मेडिकेअर ही योजना शुश्रूषागृहाचा खर्च कायमचा उचलते, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. तो खरा नाही. रुग्णालयात किमान ३ दिवस राहिल्यानंतर लागणाऱ्या कुशल शुश्रूषेसाठी ती जास्तीत जास्त १०० दिवस मदत करते आणि त्यातही २१व्या दिवसापासून रोजचा काही वाटा रुग्णावर पडतो. त्यापुढे स्वतःची पुंजी. ती संपली, म्हणजे बहुतेक राज्यांत एकट्या व्यक्तीच्या नावे जेमतेम २,००० डॉलर उरले, की केंद्र आणि राज्य मिळून चालवत असलेली मेडिकेड योजना पुढे येते. (राहत्या घराचे व पती-पत्नीचे नियम वेगळे आहेत.) आयुष्यभर पोलादाच्या भट्टीवर राबलेला, स्वतःचे घर बांधलेला माणूस निर्धन होऊन या दारात येतो तो असा. त्याला दरिद्री म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याने सारे काही आपल्या आजारपणावरच खर्च केलेले असते.

मेडिकेडचा दर मात्र खऱ्या खर्चाला पुरत नाही. खासगी चालक पैसे देऊ शकणारे रहिवासी निवडून तूट आटोक्यात ठेवू पाहतो; काउंटीच्या घराला ती मोकळीक फारशी नसते. त्यातच परिचारिका मिळत नाहीत, एजन्सीकडून घ्याव्यात तर दुप्पट भुर्दंड. पेनसिल्व्हेनियाने जुलै २०२४ पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान ३.२ तास प्रत्यक्ष शुश्रूषा बंधनकारक केली. नियम रास्तच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली गेली नाही तर काय होते, हे घरी शुश्रूषा करणाऱ्यांना सांगायला नको. पण माणसे लागतात आणि माणसांना पगार लागतो.

उरलेली तूट काउंटीच्या तिजोरीतून, म्हणजे घरांवरील मालमत्ता करातून भरली जाते. येथे एक विचित्र पेच उभा राहतो. कर वाढवावा तर तो भरणारेही पुष्कळसे निवृत्त वृद्धच असतात, ठरावीक पेन्शनवर जगणारे. तुरुंग आणि न्यायालये काउंटीला टाळता येत नाहीत. शुश्रूषागृह मात्र विकता येते. म्हणून अंदाजपत्रक ताणले गेले की नजर प्रथम त्याच्याकडे जाते.

ग्रेसडेलवरही ती गेली. २०१० साली काउंटीचे प्रमुख जॉन स्टोफा यांनी विक्रीचा प्रस्ताव पुढे रेटला. त्यांना निर्दय म्हणता येणार नाही, कारण तोट्याचे आकडे खरेच होते. पण रहिवाशांच्या नातेवाइकांनी सह्या गोळा केल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि मे २०११ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने कौल दिला: पुढची ५ वर्षे हे घर विकायचे नाही. मुदत कधीच सरली. घर आजही काउंटीकडेच आहे. तूट काही त्या कौलाने नाहीशी झाली नाही, आणि कोविडच्या पहिल्या लाटेत येथेही अनेक वृद्ध दगावले. सरकारी पाटी हे काही कवच नव्हे.

याच राज्यात लँकेस्टर काउंटीने २००५ मध्ये, बीव्हरने २०१४ मध्ये, यॉर्कने २०१८ मध्ये आणि कंबरलँडने २०२१ मध्ये आपापली घरे विकली. विक्रीनंतर इमारत तीच राहते, खोलीही तीच. वयाच्या नव्वदीतल्या आजींना मालक बदलल्याचे कदाचित कळतही नाही. बदलते ते एवढेच, की तक्रार घेऊन मुलीने जायचे कोणाकडे. काल ती निवडून दिलेल्या सदस्याला भर सभेत जाब विचारू शकत होती. उद्या मालक दुसऱ्या राज्यातील कंपनी असू शकते, आणि तीही पुढे विकली जाऊ शकते. विकणे हे सदैव पाप आहे, असे मी म्हणणार नाही. मात्र मेडिकेडवरचे रहिवासी किती वर्षे ठेवावे लागतील, हे करारात लिहिले नसेल, तर ती विक्री मला मान्य होणार नाही.

डेलावेअरच्या अलीकडे, न्यू जर्सीत, मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आपल्यापैकी कोणाची मुले तेथे असतील आणि आपण त्यांच्याकडे कायमचे राहायला जाण्याच्या विचारात असाल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ग्रीन कार्ड मिळाल्यावरही मेडिकेडसाठी सर्वसाधारणपणे ५ वर्षे थांबावे लागते. पाहुण्यांच्या व्हिसावर ती मिळत नाही. आणि शुश्रूषागृह निवडण्याची वेळ आलीच, तर मेडिकेअरच्या ‘केअर कंपेअर’ या संकेतस्थळावर प्रत्येक घराचा मालक, कर्मचाऱ्यांचे तास आणि तपासणीचे अहवाल विनामूल्य पाहता येतात. पुंजी संपल्यावर आईला तेथेच राहू देतील का, हा प्रश्न प्रवेशाच्या दिवशीच विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

नॉर्थॅम्प्टन काउंटीचे अंदाजपत्रक दर शरद ऋतूत ईस्टनमध्ये मांडले जाते. झाडे लाल-पिवळी झालेली असतात, म्हणून प्रवासालाही तो काळ उत्तम. काउंटी सभा नागरिकांना खुल्या असतात. बोलायला उभे राहता येते.