उत्तरेकडून आलेल्यांची खबर

आक्षी, ता. अलिबाग
भाद्रपद वद्य द्वादशी

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

ताईचा फोन आला होता. बिश्केकमध्ये रात्री गारठा पडायला लागलाय, तुझ्या वसतिगृहाच्या खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांवर नवा बर्फ आलाय, तू स्वेटर बाहेर काढलेस, एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं. तिला तुझ्या थंडीची काळजी. माझ्या मनात मात्र आलं, ते अगदी वेळेवर निघाले म्हणायचे. कारण तुझ्याकडच्या उंच पठारांवर उन्हाळा काढणारे चिखल्या पक्षी इथे आमच्या पुळणीवर येऊन पोहोचलेतसुद्धा.

नकाशा उघडून बघ. बिश्केक आणि अलिबाग जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. तू माझ्या थेट उत्तरेला आहेस, सुमारे 2,700 किलोमीटरवर. विषुवदिनाच्या आसपासच्या या दिवसांत सूर्य आपल्या दोघींकडे काही मिनिटांच्या फरकाने उगवतो, फक्त तुझं घड्याळ अर्धा तास पुढे असतं. मधे तिएनशान, काराकोरम, हिमालय, मग पंजाब, थरचं वाळवंट आणि गुजरात. तू विमानाने गेलीस. हे 60-70 ग्रॅम वजनाचे जीव सगळं आपल्या पंखांवर पार करून येतात.

भरतीचं गणित तुला आजोबांनी शिकवलं होतं, आठवतंय? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आज द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला भरती पुरी. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पक्षी बघायला दुर्बिणीइतकंच हे गणित लागतं. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की पक्षी पार टोकाला जातात आणि दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरती पुरी व्हायच्या दोन तास आधी जाऊन बसलं, तर चढतं पाणीच त्यांना आपल्याकडे घेऊन येतं. आपण त्यांच्याकडे चालत जायचं नाही. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं चढत नाही, ओली वाळू उघडी राहते आणि ते लांबच चरत बसतात. उधाणाला भरती भर दुपारी येते, तोवर ऊन सोसवत नाही. म्हणून मला द्वादशी-त्रयोदशी पसंत. शिवाय आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि थेट पक्ष्यांवर पडतं, त्यामुळे पिसांमधला बारीकसारीक फरकही दिसतो.

सात वाजता सुरूच्या बनातून खाली उतरले. उत्तरा नक्षत्राचा पाऊस रात्री पडून गेला होता. खाडी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या पट्ट्यापासून जरा अलीकडे बसले. पहिल्यांदा दिसले ते चिखल्याच. इंग्रजीत त्यांना सँड प्लोव्हर म्हणतात. अलीकडे पक्षीशास्त्रज्ञांनी धाकट्या सँड प्लोव्हरच्या दोन जाती मानल्या आहेत, सैबेरियन आणि तिबेटी. आपल्याकडे येतो तो तिबेटी, आणि त्याचीच एक शाखा पामीर आणि तिएनशानच्या उंचावर वीण करते. समोरचा एखादा पक्षी नेमका तुझ्याच डोंगरातून आला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. येऊ शकतो, एवढं मात्र खरं, आणि तेवढ्यानेही मला फार बरं वाटलं.

चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. चार-सहा पावलं धावतो, थबकतो, वाळूत काही हललं की टिपतो, पुन्हा धावतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तुतवारांचं तसं नाही. त्यांची चोच लांब, आणि तिच्या टोकाशी मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यामुळे चिखलात खुपसली की आतला किडा न दिसताही कळतो. कर्ल्यूची खाली वाकलेली चोच तर खेकड्याच्या बिळात खोलवर जाते. त्यामुळे एकाच ओल्या पट्ट्यावर वरच्या थरातलं एकाचं, बोटभर खालचं दुसऱ्याचं, वीतभर खालचं तिसऱ्याचं, आणि भांडणं फार होत नाहीत. लाटेच्या अगदी काठाने सँडरलिंग पळत होते. लाट मागे सरली की तिच्यामागून खाली, लाट आली की वर. ते उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातले. त्यांना मागचं बोट नसतं, धावण्यासाठीच घडलेला पाय. कालवफोडेही थोडे आलेत, काळे-पांढरे, लालभडक चोचीचे. ही चोच शिंपल्याच्या फटीत घालून ते आतला स्नायू कापतात. त्यांचंही घर तुझ्या बाजूलाच, कझाकस्तान आणि पश्चिम सैबेरियाच्या नद्या-सरोवरांच्या काठी.

या दिवसांत बघण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे त्यांचे कपडे. दिवाळीनंतर येणाऱ्या मुंबईकर पक्षीनिरीक्षकांना सगळे चिखल्या सारखेच राखी दिसतात आणि ओळखताना ते कंटाळतात. पण आत्ता भाद्रपदात प्रत्येकाच्या अंगावर त्याचा उन्हाळा वाचता येतो. काहींच्या छातीवर विटकरी रंगाचे डाग उरलेत. ते आईबाप झालेले पक्षी. काहींच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट पिवळसर किनार आहे. ती यंदा जन्मलेली पिल्लं. सर्वसाधारणपणे मोठे आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, आपली आपण. वाट दाखवायला बरोबर कोणी नसतं. कुठल्या दिशेला आणि साधारण किती दिवस उडायचं, हे ती जन्मतःच घेऊन येतात. जूनमध्ये अंड्यातून निघालेलं पिल्लू सप्टेंबरात आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघतं आणि लगेच त्यातलं खायला लागतं. हे मी वर्षानुवर्षं बघते, आणि अजूनही दर वेळी मला ते नवं वाटतं.

तू शरीरशास्त्र शिकतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते. बार-टेल्ड गॉडविट नावाचा यांचाच एक मोठा भाऊबंद आहे. अलास्काहून निघण्याआधी तो इतका खातो की त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग चरबीचा होतो. मग त्याचं पोट, आतडं आणि यकृत चक्क आक्रसतात. वाटेत खायचं नाही, मग पचनाचे अवयव वाहून कशाला न्यायचे? लागणारं पाणीही चरबी जळतानाच तयार होतं. 2022 साली पाच महिन्यांच्या एका गॉडविटच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावलं होतं. तो ऑक्टोबरात अलास्काहून निघाला आणि 11 दिवसांत 13,560 किलोमीटर अंतर, कुठेही न उतरता, तोडून टास्मानियाला पोहोचला. आपल्या चिखल्याचा पल्ला त्याहून कितीतरी लहान, पण हिशेब तोच. तो इथे उतरतो तेव्हा साठा संपत आलेला असतो. पहिले काही दिवस त्याला फक्त खायचं असतं. त्यानंतर मोठ्यांना उडण्याची जुनी पिसं टाकून नवी आणायची असतात, आणि तेही सगळं याच वाळूतल्या किड्यांच्या आणि बारीक खेकड्यांच्या जोरावर.

वर बघितलं तर चतुरांचे थवे. पावसाळ्यातल्या डबक्यांत जन्मलेले हे पिवळसर चतुर आता दक्षिणेकडे सरकतायत. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की, ज्या बेटांवर गोड्या पाण्याची डबकीसुद्धा जवळजवळ नाहीत, तिथे दर ऑक्टोबरात लाखो चतुर उतरतात. 2009 साली त्याने मांडलं की ते भारतातून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. म्हणजे आपल्या खळ्यामागच्या डबक्यातलं पाणी एका अर्थी आफ्रिकेला पोहोचतं. पक्ष्यांवरून भरकटले, पण हे तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

नऊच्या सुमाराला ओला पट्टा जवळपास बुडाला. सगळे पक्षी कोरड्या वाळूवर गोळा झाले, वाऱ्याकडे तोंड करून, बरेचसे एका पायावर. पलीकडच्या खडपात दोन कोळणी टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या, पाण्याबाहेर उरलेल्या खडकांवरची कालवं काढत. त्या पक्ष्यांपासून फार लांब नव्हत्या. पक्षी उडाले नाहीत. त्या बायका वाकून काम करतात, सावकाश सरकतात, ओरडत नाहीत, कोणाच्या अंगावर चालून जात नाहीत. पक्ष्यांना त्या सवयीच्या झाल्यात.

रविवारी मात्र चित्र वेगळं असतं. कोणी चारचाकी गाडी थेट पुळणीवर घालतो आणि थव्याच्या दिशेने दामटतो, सगळे उडाले की त्याचा व्हिडिओ काढतो. उरलेल्या खाण्यावर पोसलेली कुत्री दिवसभर त्यांच्यामागे धावतात. कॅमेरेवालेही कमी नाहीत. उडतानाचा फोटो हवा म्हणून उठवतात. थवा उठतो, पाण्यावरून दोन फेऱ्या मारतो, बसतो, पुन्हा उठवला जातो. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याने जमवलेली थोडीशी चरबी त्यात जाते. मला याचा खरोखर राग येतो, मनू. लोक दुष्ट आहेत असं नाही. त्यांना वाटतं की वाळू रिकामी आहे. ती रिकामी नाही, हे कोणीतरी सांगायला हवं, म्हणून मी आता गावातल्या मुलांना दुर्बीण देऊन शेजारी बसवते. ज्याने एकदा चिखल्याचा डोळा दुर्बिणीतून बघितला, तो पोरगा पुन्हा त्यावर दगड मारत नाही, हा माझा अनुभव आहे.

इथून जवळच किहीमला 1930च्या सुमारास सालिम अली राहिले आणि सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. पुढे 1959पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून स्थलांतराचा मोठा शोध घेतला. पक्षी कुठून येतात, कुठे जातात, यातलं पुष्कळसं आपल्याला त्या लहानशा कड्यांनी सांगितलं. तिएनशान आणि आक्षी एकाच वाटेवर आहेत. या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात, आणि तो सुमारे 30 देशांवरून जातो. त्यातल्या एका देशाने नीट वागून भागत नाही. बारीक चोचीच्या कर्ल्यूचं काय झालं ते बघ. त्याची घरटी शास्त्रज्ञांना फक्त सैबेरियात, ओम्स्कच्या उत्तरेला तारा गावाजवळ, गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिळाली होती. तो हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडे जायचा. शेवटचा निर्विवाद दिसला तो 1995 साली, मोरोक्कोच्या किनाऱ्यावर. 2024 साली शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की तो आता नाही. त्याच वर्षी ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर या दोघांची नावं जागतिक यादीत धोक्यातल्या जातींमध्ये गेली. हे दोघेही आपल्या कोकणात येतात.

आपल्याकडे सगळे या पक्ष्यांना सैबेरियाचे, तिबेटचे म्हणतात. पण चिखल्या वर्षातले आठ-नऊ महिने इथे असतो, श्रावणापासून चैत्रापर्यंत. तिकडे तो जेमतेम तीन महिने राहतो. त्यामुळे त्याच्या जगण्या-मरण्याचा मोठा वाटा आपल्या पुळणींवर, खाजणांवर आणि तिवरांच्या कडेच्या चिखलावर ठरतो. परदेशातलं काय व्हायचं ते होवो, ही आठ-नऊ महिन्यांची जबाबदारी आपली आहे, असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या तीन महिन्यांसाठी मला तुझी मदत हवी. चैत्रात निघता निघता काहींच्या अंगावर रंग चढलेला इथे ओझरता दिसतो, पण ऐन विणीतला पूर्ण नटलेला नर मी कधी पाहिलेला नाही. कपाळ आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा, गळा पांढराशुभ्र, छाती विटेसारखी लाल, असं पुस्तकात वाचलंय. जूनमध्ये परीक्षा संपल्यावर मैत्रिणींबरोबर इसिक-कुलकडे जाणार आहेस ना? तिथून बर्स्कूनच्या घाटाने वर अराबेल पठार लागतं, तिथे तो वीण करतो. झाडं नाहीत, नुसतं खुरटं गवत, दगडगोटे आणि पाण्याची तळी. उंची खूप आहे, एकटी जाऊ नकोस, गरम कपडे ने. तो दिसला तर लांबूनच बघ. घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा उथळ खळगा असतो, त्यात बहुधा तीन अंडी, आणि ती दगडांत मिसळून जातात, म्हणून पाय टाकताना खाली बघ. पक्षी ओरडत तुझ्याभोवती फिरायला लागला तर समज की पिल्लं जवळ आहेत, आणि आल्या पावली मागे फीर.

फोटो नाही मिळाला तरी चालेल. त्याच्या छातीचा रंग कसा होता, आवाज कसा होता, तो कुठे उभा होता, एवढं मला पत्राने कळव.

तुझी,
मावशी