कार्बोरेटरला हात लावण्याआधी

जुनी गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली, मध्येच ठोका चुकवू लागली, की बहुतेक गॅरेजांत पहिला हात जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, जरा रेस वाढवली, आवाज सरळ झाला, बॉनेट बंद. माझे म्हणणे असे की मिसिंग शोधताना हा स्क्रू सर्वांत शेवटी फिरवायचा. कार्बोरेटर बिघडतच नाही असे नाही. पण टॅपेट, ठिणगी, हवेची गळती यांतल्या जवळजवळ प्रत्येक दोषावर त्या स्क्रूने काही दिवस पांघरूण घालता येते, आणि जो उपाय सगळ्याच दोषांवर थोडाथोडा लागू पडतो त्यावरून खरा दोष कोणता हे कधीच कळत नाही. कुर्ल्याला बनलेली १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सींतूनही बाद झाली. अँबेसिडर थांबली, कार्बोरेटरवाली मारुती ८०० तर त्याच्याही आधी थांबली. आज या गाड्या ज्यांच्या दारात आहेत त्यांनी त्या जिव्हाळ्याने ठेवल्या आहेत, आणि चुकीच्या निदानाची किंमत त्यांना भारी पडते, कारण हेड किंवा व्हॉल्व्ह गेला तर बदली माल सहज मिळत नाही.

आधी दोष न्यूट्रललाच का दिसतो ते पाहू. स्लोवर चालताना थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते. इंजिनाला जेमतेम स्वतःला फिरवण्यापुरते मिश्रण मिळते, मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब खूप उतरलेला असतो आणि फ्लायव्हीलच्या फिरण्यात चुका पचवण्याइतका जोर नसतो. रस्त्यावर तीन हजारांवर जे खपून जाते ते आठशेवर खपत नाही. आठशे फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर मिनिटाला चारशे वेळा पेटतो. एकच सिलिंडर मेला असेल तर सेकंदाला सहा-सात झटके, अगदी नियमित, मडगार्डवर ठेवलेल्या हातालाही जाणवतात. मिश्रण पातळ असेल किंवा हवा शिरत असेल तर चुका विखरून येतात, कधी हा सिलिंडर, कधी तो. म्हणून पहिला प्रश्न चूक कुठे आहे हा नसून ती तालात आहे की बेताल, हा आहे. मारुती ८०० च्या बाबतीत त्याहीआधी एक गोष्ट पाहावी लागते. तीनच सिलिंडर असल्याने तिच्यात दोन ठोक्यांमधले अंतर २४० अंशांचे, चार सिलिंडरवाल्यात ते १८० चे. ती मुळातच जास्त हलते, आणि माउंटिंगचे रबर दगडासारखे झाले असेल तर बिनचूक चालणारे इंजिनही अख्खी बॉडी हलवते. तिथे ट्यूनिंग करून काय मिळणार?

ताल कळला की प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहायच्या. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. आता त्याला ठिणगी मिळत नाही की त्याच्यात दाबच तयार होत नाही, हे ठरवायचे. मी कॉम्प्रेशन आधी बघा म्हणतो, कारण दाब नसलेल्या सिलिंडरला जगातली कोणतीही ठिणगी आणि कोणतेही मिश्रण चालवू शकत नाही. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून गेज लावायचे. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचे. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधले हेडचे पॅकिंग. इतका साधा आणि इतका स्पष्ट पुरावा या सगळ्या धंद्यात दुसरा नाही, आणि तरीही गेज पेटीतच राहते.

टॅपेटबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण इथे मालकाच्या कानाला आवडणारी गोष्ट आणि इंजिनाला मानवणारी गोष्ट उलट आहेत. टकटक आवाज येतो म्हणून टॅपेट आवळले जातात. आवाज जातो आणि मालक खूश होतो. पण गॅप संपली की इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथून जळते वायू निसटतात आणि व्हॉल्व्हची कड हळूहळू जळते. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. प्रकृतीच्या दृष्टीने हा फार चांगला निर्णय होता. पण त्या शिशाचा थर जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक सांभाळत असे. अँबेसिडरच्या पेट्रोल इंजिनासारख्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये बैठक हेडमध्येच कापलेली असते. ती झिजत आत गेली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कुणीही हात न लावता आपोआप कमी होते. अशा गाडीला फीलर गेज दर सर्व्हिसिंगला लावायलाच हवा. सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरणे ही जुन्या मिस्त्रींची परीक्षाही खरी आहे. कपटा सारखा बाहेर ढकलला गेला तर ठीक, मधूनमधून आत ओढला गेला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा.

ठिणगीच्या बाजूला पॉइंट, कंडेन्सर, प्लग हे सगळे पाहतात. पाहायचे राहते ते डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचे बुश. बुश झिजले की शाफ्ट डोलतो, प्रत्येक सिलिंडरच्या वेळी पॉइंटची गॅप वेगळी पडते, आणि नवे पॉइंट टाकूनही टायमिंग विखुरलेलेच राहते. रोटर काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहिला की हे लगेच कळते.

मग हवा. मॅनिफोल्डचे पॅकिंग, कार्बोरेटरखालचे पॅकिंग, ॲडव्हान्सची बारीक नळी, ब्रेकच्या सर्वोची होज, आणि खुद्द थ्रॉटलचा झिजलेला स्पिंडल, या सगळ्या वाटांनी इंजिन ‘एअर घेते’. रेस दिली की बरे वाटते, कारण थ्रॉटल उघडल्यावर त्या चोरट्या हवेचा वाटा क्षुल्लक होतो. अशा वेळी स्क्रूने पेट्रोल वाढवणे म्हणजे आमटी खारट झाली म्हणून पाणी ओतत राहणे: प्लग काळे पडतात, सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुतले जाते, आणि एका दोषाचे तीन होतात. व्हॅक्यूम गेज इथे फार बोलके आहे. काटा एका जागी स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे राहिलेले टायमिंग. ठरावीक तालाने झटका देत पडत असेल तर व्हॉल्व्ह. पुस्तकात १७ ते २१ इंच लिहिलेले असते ते समुद्रसपाटीचे. दर हजार फुटांना साधारण एक इंच उतरतो, म्हणून मुंबईत १९ दाखवणारी निरोगी गाडी पुण्यात १७ दाखवील. पुण्यात बसून मुंबईचा आकडा मागू नये.

यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप आजच्या पेट्रोलचा आहे. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेले जेट वीस टक्के मिश्रणावर पातळ पडतात, मग कार्बोरेटरपासूनच सुरुवात का नको? आक्षेप खरा आहे आणि जुन्या गाडीला जेट बदलून द्यावे लागू शकतात. पण पेट्रोल चारही सिलिंडरना तेच जाते. त्याने सगळे इंजिन अशक्त होईल, चुका विखरून येतील, एकच सिलिंडर तालात मरणार नाही. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणजे होज तपासणे उलट अधिकच गरजेचे. दुसरा आक्षेप असा की मुरलेल्या मिस्त्रीला गेज लागत नाही. त्याच्या कानाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण कान सांगतो ‘तिसरा मारत नाही’. का मारत नाही, रिंग की व्हॉल्व्ह, हे कोणत्याही कानाला ऐकू येत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा: प्लग, पॉइंट, कंडेन्सर एकदमच बदलून टाकले तर तपासणीची मजुरी वाचते. वाचते, जर दोष त्यांत असेल तर. नसेल तर पैसेही गेले आणि माहितीही मिळाली नाही. नवा कंडेन्सरच खराब निघाला तर मूळ दोषात नवा मिसळतो.

एवढे सगळे निर्दोष निघाले तर मग कार्बोरेटर उघडावा, आणि तेव्हा तोच स्क्रू उत्तम साक्षीदार होतो. त्याची जागा खूण करून ठेवून हळूहळू आत घ्यावा. इंजिन पडू लागले तर स्लोची वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर स्लो जेट तुंबला आहे. त्याचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते आणि टाकीतला गंजाचा एक कण त्याला पुरतो.

तेव्हा गाडी गॅरेजमध्ये द्याल त्या वेळी ‘ट्यूनिंग करा’ एवढेच सांगून निघू नका. सगळ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे कागदावर लिहून मागा, टॅपेटची गॅप आधी किती होती ते विचारा, आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. पुढच्या वेळी गाडी थरथरली तर तुलनेला ते आकडे हाताशी असतील.