सहानुभूती आणि हिशेब

डिसेंबर २०१२. मी तेव्हा दिल्लीत पत्रकारितेची पदविका करत होते आणि लक्ष्मीनगरमध्ये दोन मैत्रिणींसोबत भाड्याच्या खोलीत राहत होते. १६ डिसेंबरच्या त्या भीषण घटनेनंतर संध्याकाळी बसमध्ये चढतानाही छातीत धडधडायचे. नागपूरहून आईचा रोज फोन यायचा, ‘‘पोहोचलीस का गं?’’

त्याच दिवसांत रॅप गायक यो यो हनी सिंगच्या नावावर फिरणाऱ्या एका अश्लील गाण्यावरून वादळ उठले. ३१ डिसेंबरला गुडगावच्या एका हॉटेलात त्याचा कार्यक्रम होता. तो रद्द व्हावा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीम सुरू झाली. मीही सही केली. कार्यक्रम रद्द झाला, लखनौमध्ये गुन्हाही नोंदवला गेला. ते गाणे आपले नाहीच, असे हनी सिंग सांगत राहिला. मला मात्र त्या रात्री मोठे समाधान वाटले होते.

दिल्लीच्या करमपुऱ्यात वाढलेल्या या मुलाची घोडदौड त्यामुळे थांबली नाही. २०१३ मध्ये त्याचे ‘लुंगी डान्स’ प्रत्येक वरातीत वाजत होते. थांबवले ते आजाराने. २०१४ मध्ये शाहरुख खानबरोबरच्या अमेरिका दौऱ्यात त्याची प्रकृती ढासळली आणि तो अचानक दिसेनासा झाला. कुणी व्यसन म्हणाले, कुणी भांडण. अखेर २०१६ मध्ये त्यानेच मुलाखतीत सांगितले, की त्याला ‘बायपोलर डिसऑर्डर’ आहे आणि मागचे अठरा महिने आयुष्यातले सर्वांत काळे होते.

ती बातमी मी पुनःपुन्हा वाचली. कारण माझा धाकटा भाऊ तेव्हा चार महिन्यांपासून खोलीबाहेर आला नव्हता. त्याआधी तो रात्र रात्र जागायचा, मोठमोठ्या धंद्याच्या गोष्टी करायचा. आईची मुदतठेव मोडायला लावून त्याने मोटरसायकल आणि कॅमेरा घेतला होता. मग एकदम सगळे विझले. आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘‘कावीळ झालीय.’’

मी फोनवर म्हटले, ‘‘आई, एवढा मोठा गायक चारचौघांत सांगतो, मग आपण काय लपवतोय?’’ आई बराच वेळ गप्प होती. पुढच्याच आठवड्यात ती त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. निदान तेच निघाले.

ज्याच्याविरुद्ध मी सही केली होती, त्याच्याच कबुलीने माझ्या घराला वाट दाखवली. मग माझी सही चुकली होती का?

हा प्रश्न पुढेही सुटला नाही. २०१९ मध्ये ‘मखना’ गाण्यातल्या शब्दांवरून मोहालीत गुन्हा दाखल झाला. २०२१ मध्ये पत्नीने दिल्लीच्या तीस हजारी न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केली. त्याने आरोप नाकारले. पुढे एक कोटी रुपयांवर तडजोड झाल्याच्या बातम्या आल्या आणि घटस्फोट झाला. आमच्या नागपुरातही जुन्या गाण्यांवरून खटला होता. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आवाजाचा नमुना द्यायला सांगितले. आईने विचारले, ‘‘एवढ्या आजारातून उठलेल्या माणसाला कशाला छळतात?’’

डिसेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर त्याच्यावरचा माहितीपट आला. आम्ही तिघांनी तो एकत्र पाहिला. आजारपणात आई-बहिणीने त्याला कसे सांभाळले, हे पाहताना आईचे डोळे भरून आले. मी भावाला विचारले, ‘‘आजारी माणसाला सगळे माफ असावे का रे?’’

तो आता गोळ्या वेळेवर घेतो, नोकरी करतो. दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात तीन हजार रुपये भरतो. आईने कितीदा ‘‘राहू दे’’ म्हटले, तरी ऐकत नाही. तो म्हणाला, ‘‘ताई, आजार माझा होता, पण पैसे आईचे होते.’’

मला उत्तर मिळाले. आजाऱ्याला सहानुभूती आणि उपचार मिळायलाच हवेत. पण ज्याला आपल्यामुळे झळ बसली, त्याचा हिशेब वेगळा असतो आणि तो मागण्यात क्रूरपणा नाही.

तुमच्या घरातही कुणाला अशी ‘कावीळ’ झाली असेल, तर लपवू नका. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतही बोलता येते.